सोनूबाईचं नवं मशीन

गेल्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास टीममधला एक पोरगा घरी आला. वय चोवीस, पहिल्याच ऑनसाइटवरून नुकताच परतलेला. खिशातून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं आणि म्हणाला, "दादा, तू घड्याळं उघडतोस ना? हे जरा बघ की. परवाच घेतलं. रूमवरचे सगळे म्हणतायत एकदा तपासून घे."

काळा डायल, काळी सिरॅमिकची बेझल, तारखेवर छोटं भिंग. रोलेक्स सबमरिनर. (निदान डायलवर तरी तसं लिहिलं होतं.) तीन लाख दहा हजारांना घेतलेलं, ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की खोका आणि कागदपत्रं घर बदलताना हरवली, म्हणून स्वस्तात देतोय, बाकी नुकतंच सर्व्हिसिंग झालंय. आता कुणी म्हणेल, एवढ्या स्वस्तात मिळतंय म्हटल्यावरच शंका यायला नको का? यायला हवी होती. पण चोवीसाव्या वर्षी, खात्यात पहिल्यांदा पाच आकड्यांच्या पुढची रक्कम असताना, माणूस शंका घ्यायच्या मूडमध्ये नसतो.

मी बेझल फिरवून पाहिली. १२० क्लिक, कुठेही ढिलं नाही. काच सफायरची. अंधारात धरलं तर निळसर उजेड, जसा असायला हवा तसा. टायमिंगच्या यंत्रावर लावलं तर तासाला २८,८०० ठोके आणि दिवसाला चार सेकंद पुढे. सगळं एकदम झकास. पोरगा खूश होऊन चहा ढवळत होता.

मग मी मागचं झाकण उघडलं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्याला जे मॉडेल म्हणून विकलं होतं, ते २०१० साली आलेलं ११६६१०. त्याच्या आत रोलेक्सचं स्वतःचं ३१३५ नावाचं मशीन असतं. व्यास २८.५ मिलिमीटर. बॅलन्स व्हील दोन्ही बाजूंनी टेकवलेल्या पुलाखाली असतं, आणि रोटरखाली लालसर रंगाची दोन चाकं दिसतात. इथे बॅलन्स एकाच बाजूनं धरलेलं, लाल चाकांचा पत्ता नाही, आणि मशीनभोवती जागा भरून काढायला एक धातूची रिंग. म्हणजे एटा कंपनीच्या २८२४ च्या कुटुंबातलं, २५.६ मिलिमीटरवालं मशीन. अस्सल स्विस असेल, चिनी क्लोन असेल. त्यानं काही फरक पडत नव्हता. ते रोलेक्स नव्हतं.

पण खरं सांगू? मला राग यायच्या आधी कौतुक वाटलं. मशीन धुतलेलं, तेलपाणी व्यवस्थित, जिथे हवं तिथेच आणि हवं तेवढंच. झाकणाची रबरी रिंग नवी, तिला ग्रीस लावलेलं. एका स्क्रूच्या डोक्यावरही ओरखडा नाही. कुणीतरी मनापासून, रात्री जागून हे काम केलं होतं. आणि कोण असेल तो, याचा विचार करताना माझ्या पोटात गोळा आला. कारण २०२२ च्या पावसाळ्यात अगदी हेच काम मी केलं होतं.

हा लेख म्हणूनच लिहितोय. त्या विकणाऱ्याला शिव्या घालायला नाही, त्या आमच्या चहाच्या टपरीवर भरपूर घालून झाल्यात. हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे. जे "फर्स्ट कॉपी" घेतात, तिचं मशीन बदलतात, चांगली काच बसवतात, चांगले काटे लावतात, आणि स्वतःला सांगतात की मी फक्त घड्याळ सुधारतोय. माझं म्हणणं सोपं आहे: नकली घड्याळ सुधारलं तर घड्याळ थोडंसंच सुधारतं. थाप मात्र पुष्कळ सुधारते.

आधी माझी हकिगत सांगतो, म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवतोय असं वाटायला नको.

मी साडेसहा हजारांना एक नकली डायव्हर घेतलं होतं. विकणारा म्हणाला, आत स्विस मशीन आहे. चार महिन्यांत ते बंद पडलं. उघडलं तर आत मियोटाच्या ८२१५ च्या धाटणीचं चिनी मशीन, तासाला २१,६०० ठोक्यांचं. म्हणजे नकली घड्याळाबद्दल मारलेली थापसुद्धा नकलीच होती! पेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी डोळ्याला आयग्लास लावला, दोन सेकंद पाहिलं आणि परत दिलं. म्हणाले, "ह्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मशीन बदल."

झालं. इंजिनिअरला "बदल" म्हटलं की त्याची झोप उडते. सेकोचं एनएच३५ मागवलं. २४ ज्वेल, ४१ तासांचा साठा, चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो, हातानं चावीही देता येते. बिचारं गरिबाघरचं, पण कष्टाळू मशीन. मग कळलं की मशीन बदलणं म्हणजे रॅम बदलणं नव्हे. एनएच३५ ची जाडी ५.३२ मिलिमीटर. केसच्या आतली रिंग बदलावी लागली. जुन्या डायलचे पाय नव्या मशीनच्या भोकांत बसेनात. एटासाठी बनवलेले काटे घ्यावेत म्हटलं, तर तास आणि मिनिटाची भोकं सारखी, दीड आणि ०.९० मिलिमीटर, पण सेकंदकाट्याचं एटाला ०.२५ आणि एनएच३५ ला ०.२०. पाच शतांश मिलिमीटरसाठी अख्खा रविवार गेला. चावीची दांडी, म्हणजे स्टेम, मोजून कापायची असते. पहिली मी मोजून आखूड कापली. तारीख रात्री बाराला बदलावी म्हणून आधी चावी फिरवत तारीख उडवायची आणि त्याच क्षणी तासकाटा बाराच्या खुणेवर बसवायचा, हे तिसऱ्या प्रयत्नात कळलं, कारण पहिल्या दोन प्रयत्नांत माझी तारीख दुपारी सव्वाचारला बदलत होती.

मग नाद वाढला. आधीची काच साधी होती म्हणून सफायर घेतली. बेझलचा रंग जांभळट वाटत होता म्हणून सिरॅमिकची चकती आणली. हिशोब करायचाच तर घड्याळ ६,५००, मशीन ४,०००, काच १,४००, बेझल १,६००, डायल आणि काटे ३,२००, रबरी रिंगा, स्टेम वगैरे किरकोळ ८००, आणि चिमटे, काटे काढायचं हत्यार, झाकण उघडायची चावी असं सगळं मिळून ५,५००. एकूण तेवीस हजार. तेवढ्यात ओरिएंट किंवा सिटिझनचं दोनशे मीटरचं खरंखुरं डायव्हर जवळपास बसलं असतं, वर वॉरंटी.

पण खरा मुद्दा पैशांचा नाही. मुद्दा डायल मागवतानाचा आहे.

डायल मागवताना दोन पर्याय होते. एक कोरा: तेच काळं, त्याच खुणा, तोच चमकणारा रंग, फक्त नाव नाही. दुसरा नावासकट: वर मुकुट, खाली नाव, त्याखाली १००० फूट = ३०० मीटर. नावाचा डायल दोनशे रुपयांनी महाग. मी, जो सगळ्यांना सांगत होतो की मला फक्त मेकॅनिझममध्ये रस आहे, ब्रँडबिँड आपल्याला काही नाही, त्या मी किती वेळ विचार केला असेल? अजिबात नाही. सरळ नावाचा घेतला.

आता बघा, त्या अख्ख्या घड्याळात ते नाव हा एकच भाग असा होता जो काहीही काम करत नाही. काच संरक्षण करते, रबर पाणी अडवतं, काटे वेळ दाखवतात. नाव काय करतं? नाव फक्त समोरच्याला काहीतरी सांगतं. आणि जे सांगतं ते खोटं आहे. मी त्या खोट्यासाठी दोनशे रुपये जास्त मोजले, आणि वरच्या बावीस हजार आठशे रुपयांचं काम त्या खोट्याला आधार द्यायला जुंपलं.

आपल्याकडे म्हण आहे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. लहानपणी मला वाटायचं की म्हणीत चेष्टा वाळ्याची आहे. आता वाटतं, कथलाच्या वाळ्यात वाईट काहीच नाही. आणि आमच्यासारखे लोक काय करतात, तर वाळ्याला पॉलिश करत बसतात, म्हणजे सोनूबाई जास्त काळ खपून जाईल.

आता नेहमीचे युक्तिवाद घेतो. हे सगळे मी स्वतः केलेले आहेत, त्यामुळे घरचेच आहेत.

"रोलेक्सचं काय जातं?" काही नाही हो. मी रोलेक्सचा वकील नाही. दहा लाखांच्या आसपासचं घड्याळ, त्यासाठीही दुकानात नाव नोंदवून ताटकळत बसायचं, यात मला काडीचीही सहानुभूती नाही. महाग वाटतं? नका घेऊ. मीही घेणार नाही. पण एखादी वस्तू अवाच्या सवा महाग आहे, यावरून "म्हणून मी ती घेतल्याचं सोंग करतो" हे कसं निघतं? उलट, खरंच ती किंमत फालतू वाटत असेल तर ते नाव मनगटावर मिरवायची हौस कशाला? ज्याला आपण हसतो, त्याचीच नक्कल करतो. आणि नुकसान कंपनीचं होत नसलं तरी कुणाचंच होत नाही असं नाही. माझ्यासमोर चहा गार करत बसलेल्या पोराचं तीन लाख दहा हजारांचं झालं होतं.

"मी कुठे विकणार आहे? स्वतःसाठी केलंय." हा मला सगळ्यात जास्त पटायचा. पण घड्याळ आपल्यापेक्षा जास्त जगतं. नोकरी बदलते, पैशाची गरज पडते, नाद सुटतो, माणूस "भागात भाग" म्हणून कुणाला तरी देऊन टाकतो. तुम्ही देताना खरं सांगाल. तो पुढे देताना सांगेल? तिसरा? सबमरिनरचं झाकण पोलादी असतं, आतलं दिसत नाही. साध्या नकली घड्याळाचं एक बरं असतं, ते स्वतःच स्वतःला पकडून देतं. काच ओरखडते, बेझल हलते, मशीन बंद पडतं, तारीख खिडकीत वाकडी दिसते. ह्या खुणा म्हणजे पुढच्या माणसासाठीची धोक्याची पाटी. तुम्ही मन लावून एकेक पाटी काढून टाकता. त्या पोरानं तपासण्यासारखं सगळं तपासलं होतं. आधीच्या कुणीतरी ते सगळं आधीच दुरुस्त करून ठेवलेलं होतं.

"आत मशीन तर अस्सल आहे ना!" असेल. त्यात गंमत अशी की एटाचं मशीन हे काही कमी दर्जाचं नाही. रोलेक्सच्याच धाकट्या पातीनं, ट्यूडरनं, २०१२ मध्ये ब्लॅक बे काढलं तेव्हा त्यात एटाचं २८२४ होतं, आणि २०१६ मध्ये त्यांनी स्वतःचं मशीन आणलं. पण त्या डायलवर ट्यूडर लिहिलं होतं. मशीनला कुणी नावं ठेवत नाहीये. खोटं मशीनमध्ये नसतंच, ते डायलवर असतं, आणि मशीन कितीही अस्सल घातलं तरी डायलपर्यंत ती अस्सलता झिरपत नाही.

"सगळेच कॉपी करतात." हा आपल्या धंद्यातला युक्तिवाद, म्हणून जरा सविस्तर. २८२४ ची पेटंट संपली, तेव्हा सेलिटा नावाच्या स्विस कंपनीनं जवळजवळ तसंच मशीन एसडब्ल्यू२०० या नावानं बनवलं. एटाची मालक असलेल्या स्वॉच ग्रुपनं २००२ साली बाहेरच्यांना कच्ची मशीनं देणं कमी करणार असं जाहीर केल्यावर अनेक ब्रँड सेलिटाकडे वळले. याला कुणी चोरी म्हणत नाही. हा फोर्क आहे. आपल्याकडे उदाहरण हवं तर २००६ सालचं घ्या. डेबियनवाले फायरफॉक्समध्ये स्वतःचे बदल करून देत होते. मोझिलानं सांगितलं, कोड घ्या, बदला, वाटा, पण आमच्या परवानगीशिवाय बदललेल्या मालाला आमचं नाव नको. डेबियननं काय केलं? त्याचं नाव आइसवीझल ठेवलं आणि काम चालू ठेवलं. २०१६ मध्ये समझोता होऊन फायरफॉक्स नाव परत आलं, पण मधली दहा वर्षं त्याच कोडला वेगळं नाव होतं आणि कुणाचं काही अडलं नाही. कोड घेण्यात आणि नाव घेण्यात फरक आहे, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शनिवारी चिमटा हातात आला की आपण सोयीस्करपणे विसरतो, इतकंच.

"कॉलेजात पायरेटेड विंडोज वापरलंस की." वापरलं. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून अख्खी पुस्तकंही काढून आणली. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण झेरॉक्स ही झेरॉक्स असल्याचं तोंडावर सांगते. काळपट पानं, स्पायरल बाइंडिंग, मध्येच कुणाचा तरी अंगठा आलेला. ती कुणी मूळ आवृत्ती म्हणून पुढच्या बॅचला विकली नाही. आणि एक चूक केली होती म्हणून दुसरीचं लायसन्स मिळतं, हे कुठल्या ईयूएलएमध्ये लिहिलंय?

"निदान शिकायला तरी मिळतं." हे मात्र शंभर टक्के खरं. त्या दोन महिन्यांत जेवढं शिकलो तेवढं चार वर्षांच्या डिग्रीत यंत्रांबद्दल शिकलो नव्हतो. पण त्यातली कोणती गोष्ट मला कोऱ्या डायलवर शिकता आली नसती? स्टेम कोऱ्या डायलवरही आखूडच कापली गेली असती.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण आपण सगळे क्लायंटकडे जाणारे लोक. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात खोटं चिन्ह लावणं आणि तसा माल विकणं किंवा विक्रीसाठी बाळगणं, याला कलम १०३ आणि १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. म्हणजे "भागात भाग" म्हणून मित्राला विकणं हे वाटतं तितकं किरकोळ नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर १ जुलै २००८ पासून स्वतःच्या वापराचं नकली घड्याळसुद्धा कस्टमवाले जप्त करू शकतात. झुरिकच्या क्लायंट व्हिजिटला सोनूबाईला घेऊन जाऊ नका.

आणि डायव्हर म्हणजे नुसता फॅशनचा प्रकार नाही, हेही विसरतो आपण. त्याला आयएसओ ६४२५ हे मानक आहे. किमान १०० मीटर, सांगितलेल्या दाबाच्या सव्वापट दाबावर चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता येणं, वगैरे. बेझल एकाच दिशेनं फिरते, यामागेही विचार आहे. पाण्यात चुकून धक्का लागला तर ती फक्त जास्त वेळ गेल्याचं दाखवेल, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. चूक झालीच तर ती माणूस वाचवणाऱ्या बाजूला व्हावी, अशी त्या रिंगची रचना आहे. माझ्या घड्याळावर "३०० मीटर" हे एक नक्षीकाम होतं. रबर मी बदललं होतं, हे खरं, पण घरी बसवलेल्या रबराचा तीनशे मीटरशी काय संबंध? आणि ते घड्याळ पुढे कुणी डायलवर विश्वास ठेवून तारकर्लीला डायव्हिंगला घालून गेला असता तर? नाव खोटं ठरलं तर पैसे जातात. तो आकडा खोटा ठरला तर पाणी आत जातं, आणि बेझलवर मिनिटं मोजणारा माणूस पाण्याखाली असतो.

हे फक्त स्विस ब्रँडचं दुखणं आहे असंही नाही. आपल्या एचएमटीचं बघा. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरूला कारखाना सुरू झाला, २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं कंपनी बंद करायला मंजुरी दिली. बंद होणार म्हटल्यावर लोकांना एकदम उमाळा आला आणि जुन्या जनता, पायलटला मागणी वाढली. मग काय, खरं एचएमटीचं मशीन, खरी केस, आणि वर नव्यानं छापलेले भडक डायल, जे कारखान्यानं कधी काढलेच नव्हते. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं गाजतंय. आज एखाद्याला आजोबांसारखं जनता हवं असेल तर मूळ डायल कुठला आणि रंगवलेला कुठला हे ओळखता ओळखता त्याची दमछाक होते. शंभर रुपयांच्या घड्याळातही खोटा चेहरा लावला की पुढच्या सगळ्यांना खऱ्या चेहऱ्यावर शंका घ्यावी लागते.

एचएमटीवरून बाबा. हे लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण अर्धवट कबुलीला अर्थ नाही.

बाबांच्या हातात आजही लग्नात सासरकडून मिळालेलं एचएमटी आहे. रोज सकाळी पूजा झाली की चावी देतात. २०२२ च्या दिवाळीत मी माझं "तयार" घड्याळ घालून गावी गेलो. फराळाला समोरचे काका आले होते. त्यांनी विचारलं, "काय रे, रोलेक्स का?" मी हसलो. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसता हसलो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मग! स्वतःच्या पगारातून घेतलंय." बाबांना रोलेक्स म्हणजे काय हे नीट माहीतही नव्हतं. मुलानं काहीतरी मोठं घेतलं, एवढंच कळलं होतं. पुढच्या चार दिवसांत ते आणखी तिघांना सांगताना मी ऐकलं. मी डायलवर विकत घेतलेलं खोटं आता माझे बाबा बोलत होते, आणि ते खरं समजून बोलत होते. आयुष्यात ज्या माणसानं ऑफिसचं पेनसुद्धा घरी आणलं नाही.

निघायच्या आदल्या रात्री सांगून टाकलं. वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत. बराच वेळ माझ्या घड्याळाकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "मग आता मी समोरच्यांना काय सांगू?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पुण्याला आल्यावर मी तो डायल काढला, पक्कडीनं दुमडला आणि कोरा डायल बसवला. मुकुटवाली चावीही बदलली. मशीन तेच, काच तीच, बेझल तीच. आता ते कुठल्याच कंपनीचं घड्याळ नाही. माझं आहे. कुणी विचारलं की "कुठलं?" तर सांगतो, मशीन सेकोचं, बाकी जमवाजमव. आणि एक गंमत सांगू? नावाचं घड्याळ घातलं होतं तेव्हा कुणी जवळून पाहू लागलं की मी हात मागे घ्यायचो. आता लोक मागतात, मी काढून देतो.

तर शनिवारी त्या पोराला सगळं सांगितलं. लाल चाकं कुठे असायला हवी होती, रिंग का आहे, सगळं दाखवलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं विचारलं, "पण दादा, चालतं तर छान ना?" मी म्हटलं, हो, छान चालतं. ज्यानं केलंय त्याला काम येतं. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. सोमवारी पोलीस चौकीत तक्रार द्यायला आम्ही दोघं जाणार आहोत. पैसे परत मिळतील असं मला वाटत नाही, त्यालाही वाटत नाही.

ज्यांना हा नाद लागलाय किंवा लागू घातलाय त्यांना माझं सांगणं एवढंच. मशीन बदला, काच बदला, काटे तीनदा वाकडे बसवा, स्टेम आखूड कापा. सगळं करा, फार मजा येते. पण डायल कोरा मागवा. फार हौस असेल तर त्यावर स्वतःचं नाव छापून घ्या. तुमच्या मनगटावर तेवढं एकच नाव खोटं ठरणार नाही.

हत्यारं माझ्याकडे आहेत. कुणाला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी या. चहा आमच्याकडून, डायल तुमचा.